पुण्यात हशा, सोलापुरात शांतता

आज पाहुणा नाही, मीच बोलणारे. इनबॉक्समध्ये बरेच दिवस एक प्रश्न पडून आहे: मराठी स्टँडअप वाढतंय वाढतंय म्हणतात, पण नक्की काय वाढतंय? तर आजचा भाग त्यावर. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखं लिहूनही टाकलंय, फक्त बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

नवीन लोकांसाठी सांगतो. मी मूळचा सोलापूरचा, बी.टेक. केलं आणि पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो. दिवसा बग शोधतो. मंगळवारी रात्री एका कॅफेच्या पोटमाळ्यावर मराठी ओपन माइक चालवतो. चालवतो म्हणजे खुर्च्या मी मांडतो, माइकचे सेल मी आणतो आणि कोणाला कितवा नंबर हे मी ठरवतो. प्रत्येकाला पाच मिनिटं. चौथं मिनिट संपलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवायचा. तरी एखादा उतरतच नाही, मग टाळ्या वाजवून उतरवायचा.

मी सुरू केलं तेव्हा पुण्यातल्या ओपन माइकला दहा हिंदीवाले आणि मध्येच एक मराठी, असा प्रकार असायचा. आता अख्खी रात्र मराठीत भरते. याचं श्रेय यूट्यूबला द्यावंच लागेल. २०१६ मध्ये भाडिपा सुरू झालं, पुढे मराठी स्टँडअपचे तिकिटाचे शो व्हायला लागले, आणि नोकरी करणाऱ्या पोरांना वाटलं, अरे, हे आपल्यालाही जमेल. त्याच वर्षी 'सैराट' आला. करमाळ्याकडची बोली अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकली आणि गावाकडचं बोलणं लपवायची गरज नाही, उलट ते चालतं, हे सगळ्यांना कळलं.

माझा मुद्दा या 'चालतं'बद्दल आहे.

पुण्यात मी माइकवर नुसतं 'काय करायलास बे?' म्हटलं तरी हशा येतो. विनोद अजून सुरूही झालेला नसतो. सुरुवातीला भारी वाटतं, फुकटचा लाफ आहे, कोण सोडेल! पण नीट बघा, त्यात हसण्यासारखं काय आहे? सोलापुरात रोज सकाळी दूध घ्यायला गेलेला माणूस हेच म्हणतो. दूधवाला हसत नाही.

हे मला खरं कळलं ते सोलापुरात ओपन माइक सुरू केला तेव्हा. आता महिन्यातून एका रविवारी आम्ही तिथं करतो. मित्राच्या क्लासचा हॉल आहे. बेंच, ट्यूबलाइट, मागच्या फळ्यावर न पुसलेलं त्रिकोणमिती. पहिल्याच वेळी मी पुण्यात हमखास चालणारी पाच मिनिटं केली. त्यातली दोन मिनिटं पूर्ण शांततेत गेली. लोक रागावले नव्हते, अगदी प्रेमानं वाट बघत होते, की हा पोरगा विनोद कधी सांगणार. आमच्या धंद्यात 'माझ्या मशीनवर चालतं' असं एक प्रसिद्ध वाक्य आहे. माझं उलटं झालं: सर्व्हरवर चालतं, लोकलवर चालत नाही.

पण त्याच पाच मिनिटांत एक तुकडा होता. माझ्या वडिलांनी आयुष्यभर यंत्रमागावर काम केलं. मागांच्या आवाजानं ऐकू कमी येतं. त्यामुळं आमच्या घरात साधं 'चटणी दे' हेसुद्धा भांडण झाल्यासारखं बोलतात आणि फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणजे माझं लग्न ठरत नाहीये ही बातमी माझ्या आधी गल्लीला कळते. पुण्यात यावर हसू यायचं ते बहुतेक मी वडिलांचा आवाज काढतो म्हणून. सोलापुरात आवाजावर कोणी हसलं नाही. स्पीकरवर हसले, बेंच वाजवून हसले. आणि ऐकू कमी येतं या वाक्याला हॉल एकदम गप्प झाला. त्या हॉलमध्ये चादरीच्या, टॉवेलच्या कारखान्यात राबलेल्या घरांतलेच निम्मे लोक होते. नंतर एक काका जवळ येऊन म्हणाले, 'आमच्यात बी टीव्ही असाच लावतेत.' बस, एवढंच बोलले आणि गेले. ते वाक्य मी आता पुण्यातही घाईत उरकत नाही. थांबतो.

कोणी म्हणेल, मग बोलीत करूच नये का? असं कुठं म्हणतोय! लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवा. एक माणूस, ५२ पात्रं, मराठवाड्याची बोली. लोक हसतात ते गावातलं वऱ्हाड विमानात बसतं, त्या फजितीला. बोली तिथं आहे कारण ती माणसं तशीच बोलतात. ते एकपात्री होतं, स्टँडअप नव्हे, हे मान्य. एकपात्रीत माणूस पात्राच्या मागं उभा राहतो, स्टँडअपमध्ये 'मी' म्हणावं लागतं. म्हणून तर जास्त जपायला हवं. मीच माझ्या माणसांची नक्कल विकायला लागलो, तर मग शहरातल्यांनी आमच्यावर हसू नये असं कोणत्या तोंडानं सांगू?

आमच्याकडे एक मुलगी येते, नंदुरबारकडची. घरी अहिराणी बोलतात. पहिल्यांदा आली तेव्हा दोघा-तिघांनी तिला सल्ला दिला, 'सगळं अहिराणीतच कर, फाडशील.' तिनं ऐकलं नाही. ती तिच्या रोजच्या मराठीत बोलते, आणि फक्त आई बोलते तेव्हा अहिराणी येते. आणि त्यात आईच जिंकते, दर वेळी. मंगळवारचा सगळ्यात पक्का सेट तिचा आहे, हे मी नंबर लावणारा माणूस म्हणून सांगतोय.

सोलापूरला सगळं गोड आहे असं नाही हं. तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात. पुण्यात मी बॉसवर, घरमालकावर, कोणावरही बोलतो. तिथं समोरून आवाज येतो, 'तू अमक्याचा ना रे?' झालं, पुढची तीन मिनिटं गेली. मुली तर नाव द्यायलाच तयार होत नाहीत, आणि दिलं तर विचारतात, व्हिडिओ काढणार नाही ना? आम्ही काढत नाही. त्यामुळं आमच्या सोलापूरच्या शोची एकही रील नाही आणि सीन वाढतोय याचा पुरावा मागितला तर दाखवायला काही नाही.

तसंही रीलवर दिसतं ते बहुतेक क्राउडवर्क. कारण साधं आहे: लिहिलेला विनोद टाकला की तो जळतो, पुढच्या शोला लोकांना पाठ असतो. मग प्रेक्षकांशी झालेल्या गप्पा टाकायच्या. ते बघून नवीन पोरं येतात आणि पाच मिनिटं 'दादा तुम्ही काय करता?' विचारतात. पुण्यात. पहिली रांग आयटी, दुसरी रांग आयटी, तिसऱ्या रांगेत एक जण आयटीतून काढलेला.

सध्या मी नवीन येणाऱ्याला एवढंच सांगतो: स्टेजवर यायच्या आधी तुझा सेट गावाकडच्या कोणाला तरी फोनवर ऐकव. आई, मित्र, चुलतभाऊ, कोणीही. ते जिथं हसतील तिथं खूण कर. बऱ्याच जणांची पाच मिनिटांची दीड मिनिटं होतात. ती दीड मिनिटं घेऊन या, स्पॉट नक्की देतो.

सोलापूरवाल्यांनो, पुढचा रविवार इन्स्टावर टाकतो. लवकर या, मागचे बेंच डुगडुगतात.