तोफेच्या पट्ट्यातला सातबारा

(नगर जिल्ह्यातून मुंबईत आलेल्या कुटुंबांच्या वरळी येथील बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांमध्ये वाचनासाठी.)



शेतकऱ्यांची बैठक वरळीत कशाला, असे जिना चढताना दोघातिघांनी विचारले. इथे ना शेत, ना बांध. समोर समुद्र, मागे टॉवर. पण आताच आम्ही विचारले, गावाकडच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाचे नाव आहे, तर निम्म्याहून जास्त हात वर झाले. उरलेल्यांपैकी बरेचजण म्हणाले, नाव अजून आजोबांचेच आहे, वारसनोंद राहून गेली. म्हणजे हात वर न केलेलेही शेतकरीच आहेत, फक्त कागदावर आलेले नाहीत. म्हणून ही बैठक वरळीत.

विषय के. के. रेंजचा आहे. खारे कर्जुने गावावरून हे नाव पडले. नगरला, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरला, रणगाडा दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. रणगाडा चालवायला आणि त्यातून गोळा डागायला शिकायचे तर मैलोनमैल मोकळा माळ लागतो. तो माळ आपल्याकडे आहे. लष्कराच्या स्वतःच्या जमिनीला लागून राहुरी, नगर आणि पारनेर तालुक्यांतली 23 गावे, सुमारे 25 हजार हेक्टर, सरावाच्या धोक्याच्या पट्ट्यात दाखवली आहेत. त्यात बाजरी-मटकीची राने आहेत, कांद्याच्या चाळी आहेत, मेंढरांचे वाडे आहेत, वनखात्याचे डोंगर आहेत. काही गावांनी मुळा धरणाच्या वेळी एकदा पाण्यासाठी जमीन दिलेली आहे. 2020 मध्ये हा पट्टा संपादित होणार अशी कुणकुण लागली आणि गावेच्या गावे हादरली. शिष्टमंडळ दिल्लीला जाऊन संरक्षणमंत्र्यांना भेटले. तेव्हा वातावरण निवळले. पण वातावरण निवळणे वेगळे आणि प्रश्न सुटणे वेगळे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आम्ही सैन्याच्या विरोधात बोलायला उभे नाही. आपल्या गावांतली पोरे सैन्यात आहेत. सरावाशिवाय फौज उभी राहत नाही हे आम्हाला कळते. आमचा सवाल एवढाच आहे: देशाच्या रक्षणाचा खर्च सगळ्या देशाने सोसायचा की 23 गावांनी?

न लिहिलेला कर

धोक्याच्या पट्ट्यातली जमीन गेलेली नसते, तशी ती धड आपलीही नसते. जमीन कधी जाईल याचा नेम नाही म्हटल्यावर विहीर खोदायला हात धजत नाही. फळबाग लावायची तर पाचसहा वर्षांनी येणारे पीक खायला आपण इथे असू का, हा प्रश्न पडतो. गिऱ्हाईक आले तर पडेल भावात मागते. सरावाच्या दिवशी गुरे माळावर सोडता येत नाहीत. हे नुकसान कुठल्याही पंचनाम्यात येत नाही. सरकारने जाहीर न करता बसवलेला हा एक कर आहे, आणि तो पिढ्यान् पिढ्या भरला जातो.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. सराव आणि तोफांच्या गोळीबाराबाबतचा हा कायदा 1938 चा, इंग्रजांच्या काळातला आहे. त्याप्रमाणे गोळीबार चालू असेल त्या वेळात धोक्याच्या पट्ट्यातून माणसांना आणि जनावरांना बाहेर काढता येते. पण त्याच कायद्यात माणसाला किंवा मालमत्तेला झालेल्या नुकसानीची भरपाईही लिहिली आहे. ती संरक्षण खात्याच्या पैशातून द्यायची आणि महसूल अधिकाऱ्याने रक्कम ठरवायची. आणि तिसरी गोष्ट वरळीकरांनी नीट ऐकावी. कोणता पट्टा, किती मुदतीसाठी, याची अधिसूचना राज्य सरकार काढते. म्हणजे ती दिल्लीत निघत नाही. ती इथे, मंत्रालयात निघते. गावाकडच्या माणसाला मंत्रालय गाठायला एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी लागते. तुम्हाला एक बस लागते.

हे नुसते पुस्तकातले नाही. झारखंडात नेतरहाटला असाच गोळीबाराचा पट्टा होता. 245 गावे, 1,471 चौरस किलोमीटर. मार्च 1994 मध्ये तिथल्या आदिवासींनी, बायाबापड्यांसह, रस्त्यावर बसून सरावाला आलेल्या तुकड्या परत पाठवल्या. त्यानंतर दरवर्षी मार्चमध्ये ते त्याच ठिकाणी जमत राहिले. ऑगस्ट 2022 मध्ये राज्य सरकारने मुदत वाढवायची नाही असा निर्णय घेतला. अठ्ठावीस वर्षे लागली. पण निर्णय राज्यानेच घेतला.

माळ कोणी राखला?

आता जनावरांकडे आणि पाखरांकडे वळू. शेतकऱ्यांच्या बैठकीत लांडगा, चिंकारा, माळढोक कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण सांगतो.

सरकारी कागदात आपल्या माळाला पडीक म्हणतात. पडीक म्हणजे कोणाच्या कामाचे नाही, म्हणून कोणालाही द्यावे. पण त्या माळावर कुसळी आणि पवन्या उगवतो, त्यावर मेंढरे जगतात, ससे आणि खोकड राहतात, आणि त्यांच्या मागे लांडगा. धनगर आणि लांडगा यांचे वैर जुने आहे, पण दोघांचे घर एकच. मोकळे गवत राहिले तर दोघेही राहतात.

माळढोकाची गोष्ट आपल्याच भागात घडली. 1979 मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, कागदावर 8,496 चौरस किलोमीटरचे. त्या रेघेच्या आत गावे आली, बाजार आले, हजारो शेतकऱ्यांची मालकीची राने आली. कोणाला एक पैसा न देता जमिनीवर बंधने आली आणि खरेदी-विक्री अडकली. पुढे ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. मधल्या काळात काय झाले? ज्या शेतकऱ्याच्या रानात पाखरू निर्धास्त चरायचे, त्यालाच ते पाखरू नकोसे झाले. आज त्या माळावर माळढोक दिसला तर ती बातमी होते. फुकट घातलेल्या बंधनाने शेतकरीही मारला आणि पाखरूही वाचले नाही.

उलट राजस्थानात पाहा. देशात उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेरच्या बाजूला आहेत, आणि त्यांतले बरेच पोखरणच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात. जिथे तोफा धडाडतात तिथे हे लाजरे पाखरू टिकून आहे. कारण तोफ वर्षातून काही दिवस वाजते. बाकीच्या दिवसांत तिथे प्लॉट पडत नाहीत आणि माळ मोडत नाही. बाहेर मात्र उंच विजेच्या तारांना धडकून ही पाखरे मरतात.

यातून आम्ही एक हिशेब मांडतो. लष्कराला हवा मोकळा माळ. लांडग्याला आणि चिंकाऱ्याला हवा मोकळा माळ. शेतकऱ्याला आणि मेंढपाळाला हवी त्याची शेती आणि त्याचा माळ. मग या तिघांत भांडण कुठे आहे? भांडण त्यांच्यात नाही. रेंजच्या कडेने प्लॉट पाडायला टपलेला दलाल हा तिघांचाही वैरी. वस्ती रेंजला भिडली की गोळ्याचा धोका वाढतो, मग लष्कर आणखी पुढे सरकायला जमीन मागते, आणि पुन्हा शेतकरी उठतो. पुण्याजवळ देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती 2,000 यार्डांच्या पट्ट्यात घरे बांधून बसलेल्या लोकांचे हाल विचारा. आयुष्याची कमाई घालून घर बांधले, आणि त्यावर टांगती तलवार.

विकत घ्या, हिसकावू नका

अमेरिकेतही हाच पेच पडला होता. नॉर्थ कॅरोलायना राज्यात फोर्ट ब्रॅग नावाचा मोठा लष्करी तळ आहे. आजूबाजूची पाइनची जंगले तुटत गेली आणि तिथला एक दुर्मिळ सुतार पक्षी तळाच्या हद्दीत उरला. त्याला जपायचे म्हणून लष्कराच्याच सरावावर बंधने आली. तेव्हा लष्कराच्या ध्यानात आले की शेजाऱ्याचे शेत आणि जंगल टिकले तरच आपला सराव टिकेल. 2002 च्या अखेरीस कायदा झाला. लष्कर पैसे घालते आणि तळाशेजारच्या राजी असलेल्या मालकाकडून फक्त बांधकामाचा हक्क विकत घेते. जमीन मालकाची, पीक मालकाचे, वारसाही मालकाचा. 2013 पासून तिथली संरक्षण, शेती आणि वने-जमिनींची खाती मिळून असे पट्टे राखतात.

अमेरिकेचे सगळे उचलावे असे आम्ही म्हणत नाही. तिथला शेतकरी शेकडो एकरांचा धनी, आपला दोन-चार एकरांचा. तिथे बहुतेक हक्क कायमचा विकतात. आपण नातवंडांचा हक्क एका सहीने विकू नये. पण त्यातले तत्त्व घेण्यासारखे आहे. मालकाची राजीखुशी हवी, आणि बंधनाला दाम हवा. माळ मोकळा ठेवणे ही देशाची सेवा असेल, तर सेवेचा मोबदला मिळालाच पाहिजे. सैनिकाला पगार मिळतो, तोफ बनवणाऱ्या कारखान्याला बिल मिळते. माळ राखणाऱ्यालाच तेवढे देशप्रेम फुकट मागायचे, हा कुठला न्याय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, सक्तीचे संपादन होणार नाही, हे सरकारने लेखी द्यावे. दोन, ज्या गावांना मान्य असेल तिथे दहा वर्षांच्या मुदतीचा करार करावा: शेती शेतीच राहील, माळ माळच राहील, आणि त्याबद्दल दरवर्षी एकरी खंड मिळेल, महागाईप्रमाणे वाढणारा. तीन, गायरानावर आणि वनाच्या कडेवर चराईचा हक्क लिहून मिळावा, कारण चराईनेच गवत राखले आहे. चार, सरावाच्या तारखा आधी कळाव्यात, आणि त्या दिवसांची नुकसानभरपाई गावातच मिळावी. पाच, न फुटलेले गोळे वेळच्या वेळी उचलावेत. 2018 मध्ये वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहाजण दगावले. लोखंडाच्या तुकड्यासाठी जीव धोक्यात घालणारा माणूस हौसेने तिथे जात नाही, त्याच्या घरात मजुरी नसते.

वरळीने काय करायचे

शेवटी तुमच्याशी. कागदाची किंमत वरळीला आम्ही शिकवायची गरज नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या. 1991 च्या नियमाने गिरणीची जमीन पालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटायची ठरली. 2001 मध्ये नियमातले शब्द बदलले, आणि सगळ्या जमिनीऐवजी फक्त मोकळी जागा वाटणीला आली. शब्द बदलले आणि कामगारांच्या घरांची जमीन आटली. ज्यांनी ते पाहिले ते इथे बसले आहेत. बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांच्या हातात नव्या घराची चावी पडली ती ऑगस्ट 2025 मध्ये. कागद पाहिल्याशिवाय खोली सोडायची नाही, हे इथल्या माणसाच्या अंगात मुरले आहे. मग गावचा सातबारा तेवढा वाऱ्यावर का?

येत्या जत्रेला गावी जाल तेव्हा नारळ फोडण्याआधी तलाठ्याकडे जा. वारसनोंद करून घ्या. बहिणींची नावे लागली का ते पाहा. इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचून घ्या. ग्रामसभेला बसा आणि ठरावाची नक्कल घेऊनच या. आणि इथे वरळीत कोणी गोड बोलून म्हणाला, रेंजमधली जमीन आज ना उद्या जाणारच, आता विकून मोकळे व्हा, तर त्याला एवढेच विचारा: जाणारच आहे तर तू कशाला घेतोस?

गावचा भाऊ माळ राखतो आहे. मंत्रालयाच्या दारात त्याच्या बाजूने उभे राहणे हे तुमचे काम. आमची संघटना दोघांच्या मध्ये धागा धरून उभी आहे. अधिसूचनेची मुदत संपत येईल तेव्हा गावातून ठरावांचे गठ्ठे येतील. ते घेऊन मंत्रालयाची पायरी चढायला वरळीतून किती माणसे येणार, त्यांची नावे आज बैठक उठण्याआधी लिहून द्या. वही दाराशी ठेवली आहे.