गाणारा घुमटवादक

बैठकीच्या संगीतात गवई निराळा आणि तबलजी निराळा. गोव्यात चवथीच्या दिवसांत घरोघर ज्या आरत्या होतात, त्यांत मात्र हा भेद फारसा पाळला जात नाही. ज्याच्या हाती घुमट, तोच पुष्कळदा आरतीचा चरण उचलतो आणि भोवतालची मंडळी त्याच्यामागून तो घोळवितात. या उद्योगात ज्यांचे केस पिकले, अशा जुन्या वादकांचा संगीताविषयीचा विचार म्हणूनच ऐकण्याजोगा असतो.

घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचे दुतोंडी भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसविलेले असते. धाकटे तोंड उघडे. उजव्या हाताची बोटे कातड्यावर पडतात आणि डावा तळवा उघड्या तोंडाशी राहून आतली हवा कोंडतो किंवा मोकळी सोडतो. घुमटाचा गंभीर हुंकार हा या डाव्या हाताचा. जोडीला काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि काशाची कांसाळी असतात.

जाणत्या वादकाच्या मते उजव्या हाताचे बोल सरावाने बसतात; डाव्या हाताला मात्र शब्दांची जाण लागते. चरण कोठे संपतो, गाणाऱ्याचा श्वास कोठे तुटतो, कोणत्या अक्षरावर भार द्यावयाचा, हे ज्याला स्वतः गाऊन ठाऊक आहे, तोच नेमक्या जागी हात आवरतो. एकट्याचा स्वर चालू असता वादन दबलेले असावे आणि समूहाने पालुपद उचलताच ते खुलावे, हा साधा वाटणारा विवेक गळ्यावाचून हाताला येत नाही. घरात कोंकणी बोलणारी किती तरी कुटुंबे मराठी आरत्या अशा ऐकून ऐकूनच मुखोद्गत करतात. वादनाच्या गदारोळात शब्द बुडाले, तर पुढची पिढी ते शिकणार कोठून?

आजची खरी चिंता हीच आहे. आरत्यांच्या स्पर्धांमुळे तरुण मुले या वाद्याकडे वळली, हे जुने लोकही मोकळ्या मनाने मान्य करतात. परंतु स्पर्धेत वेग चटकन नजरेत भरतो आणि संयम दिसत नाही. लय चढत जाते, टाळ्या पडतात, आणि ज्या देवासमोर आरती व्हावयाची, त्याचे नावसुद्धा नीट ऐकू येत नाही.

दुसरा प्रश्न कातड्याचा. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या प्राण्याला अभय दिले आणि बकऱ्याच्या कातड्याची घुमटे पुढे आली. नाद पहिल्यासारखा नाही, अशी कुरकूर अजून कानी येते. त्यातून चवथ ऐन भाद्रपदातली. ओलसर हवेने कातडे सैल पडते आणि ते वारंवार शेकावे लागते. तथापि एका मुक्या जिवाच्या मोलाने मिळणाऱ्या नादाचा हट्ट धरणे शोभत नाही, हेही समंजस वादक जाणतो. नव्या कातड्याचा स्वभाव ओळखून हात थोडा बदलावा, एवढाच त्याचा मार्ग. नाहीतरी नादाचा अर्धा वाटा मातीच्या पोटाचा आणि डाव्या तळव्याचा आहे. त्यांना कोणताही कायदा आड येत नाही.

2019 साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला. हा सन्मान योग्यच होय. परंतु वारसा चालतो तो माजघरात, गणपतीपुढे, मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या मुलांमुळे. अशा मुलाला आधी चार आरत्या अर्थासह गावयास लावाव्यात आणि मग त्याच्या हाती घुमट द्यावे. शब्द एकदा कंठी रुळले, की हात कोठे थांबवावयाचा, हे त्याला फारसे सांगावे लागत नाही.