नांगराच्या कारखान्यातलं मासिक

अंक वेळेवर निघतो, पण वाचक वाढत नाहीत, ही छोट्या नियतकालिकांच्या संपादकांची जुनी चिंता. त्यांनी किर्लोस्करवाडीचा इतिहास जरूर पाहावा. तिथल्या लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागलं. नुसती मालाची माहिती देत राहिलं असतं, तर ते गिऱ्हाइकांपुरतंच उरलं असतं. पण संपादक शंकरराव किर्लोस्करांनी त्यात उद्योग, विज्ञान आणि समाजसुधारणा आणली. ते स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले, त्यामुळे अंकाच्या रूपाकडेही त्यांचं लक्ष असे. पुढे नावातली ‘खबर’ गळाली, ‘किर्लोस्कर’ घरोघरी पोचलं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते शंकररावांचं धाडस. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यांनी छापले. रूढींवरचे ते घणाघात अनेकांना झोंबणारे होते. वाचक दुखावेल म्हणून गुळमुळीत लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शिवाय एकाच अंकात सगळं कोंबलं नाही. स्त्रियांसाठी १९३० मध्ये ‘स्त्री’ काढलं आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ सुरू केलं.