छत्रीधारी सैनिकांचे पंख

सैनिकाच्या गणवेशावरील बहुतेक चिन्हे त्याचा हुद्दा, त्याची पलटण किंवा त्याने बजावलेली सेवा सांगतात. परंतु उघडलेली हवाई छत्री आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेले पंख असे जे चिन्ह छत्रीधारी सैनिक गणवेशाच्या उजव्या बाजूस लावतो, त्यावरून एवढेच कळते की, हा माणूस उडत्या विमानाच्या दारातून ठरलेल्या वेळा स्वतःच्या पायांनी बाहेर पडलेला आहे. सैन्यात ज्यांना ‘पॅरा विंग्ज’ म्हणतात ते हे पंख शिफारशीने, ज्येष्ठतेने किंवा कोणाच्या मर्जीने मिळत नाहीत आणि सेनादलांच्या असंख्य मानचिन्हांत त्यांचे मोल निराळे आहे ते याचमुळे.

भारतात हे पंख मिळतात ते आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये. ही संस्था हवाई दलाची आहे, त्यामुळे शिकणारा बहुधा भूदलाचा जवान असला तरी शिकवणारा हवाई दलाचा असतो. तेथवर पोहोचण्याआधी पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊ इच्छिणाऱ्याने स्वेच्छेने नाव द्यावे लागते आणि ‘प्रोबेशन’ म्हणजे परीक्षेचा खडतर काळ पार पाडावा लागतो. आग्र्यातील शिक्षणाची सुरुवात आकाशात होत नाही, जमिनीवर होते. पाय आणि गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवून तळव्यांवर उतरणे आणि लगेच पोटरी, मांडी, कुल्ला व पाठीची बाजू अशा क्रमाने अंग जमिनीवर लोळवणे, ही एकच क्रिया जवानाकडून इतक्या वेळा करून घेतली जाते की, पुढे ती आठवावी लागत नाही. छत्रीखालचा माणूस सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने खाली येतो. तो आघात एकट्या घोट्यावर पडला तर हाड मोडते, आणि सर्वांगावर वाटला गेला तर माणूस उठून चालू लागतो.

त्यानंतरच्या उड्या ‘स्टॅटिक लाइन’ पद्धतीच्या असतात. स्टॅटिक लाइन म्हणजे एक मजबूत पट्टा. त्याचे एक टोक पाठीवरच्या छत्रीला जोडलेले असते, तर दुसऱ्या टोकाचा आकडा विमानाच्या आत ताणलेल्या तारेत अडकवायचा असतो. विमान साधारण 1,250 फुटांवर आले की जवान रांगेत उभे राहतात, आकडा अडकवतात आणि प्रत्येक जण आपल्या पुढच्याच्या पाठीवरील छत्रीचे बंद तपासतो. दाराजवळचा तांबडा दिवा जाऊन हिरवा लागला की रांग सरकू लागते. बाहेर पडताच जवानाच्या वजनाने पट्टा ताणला जाऊन छत्री आपोआप उघडते. तिने दगा दिलाच तर छातीवरची राखीव छत्री हाताने उघडायची असते. एरवी छत्री आपोआपच उघडत असल्यामुळे उडी मारणाऱ्याचे खरे काम दाराशीच आहे. अशा पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची, पूर्ण झाल्या की पंख मिळतात. पाच ही संख्या मोजकी वाटेल, परंतु तिच्यात शहाणपण आहे. पहिली उडी अनोळखीपणाच्या भरात निभावून जाते, भीती ओळखीची झाल्यावर पुन्हा त्याच दाराशी उभे राहणे अधिक अवघड असते. अमेरिकेतही दंडक पाच उड्यांचाच आहे. तेथील चिन्हाची आकृती 1941 मध्ये विल्यम यारबरो या अधिकाऱ्याने तयार केली, आणि प्रत्यक्ष युद्धात उडी घेणाऱ्याच्या चिन्हावर तेथे लहानसा ब्राँझचा तारा चढतो.

भारतीय भूमीवर ही परंपरा त्याच वर्षी, 1941 मध्ये, दिल्लीच्या विलिंग्डन म्हणजे आजच्या सफदरजंग विमानतळावर सुरू झाली. तेथे उडी घेणारे पहिले भारतीय होते लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग. यांतले रंगराज हे डॉक्टर होते, ही गोष्ट आवर्जून ध्यानात घेण्याजोगी आहे. छत्रीधारी पलटणीबरोबर जाणारा डॉक्टर, अभियंता किंवा संदेश दलाचा जवान त्याच दारातून उतरला नाही, तर तो पलटणीच्या उपयोगाचाच नाही. पुढे कोरियाच्या युद्धात रंगराज 60 पॅराशूट फील्ड अँब्युलन्स या फिरत्या वैद्यकीय तुकडीचे प्रमुख होते आणि मार्च 1951 मध्ये मुनसान-नी येथे अमेरिकी सैनिकांबरोबर आपल्या पथकासह उडी घेऊन त्यांनी जखमींवर उपचार केले. महावीर चक्राने त्यांचा सन्मान झाला. हवाई दलातील डॉक्टर गीता चंदा यांनी 1959 मध्ये हे पंख मिळवले, तेव्हा त्या भारताच्या पहिल्या महिला छत्रीधारी ठरल्या. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांना टेरिटोरियल आर्मीत लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मानद मिळाला होता. पंखांसाठी मात्र त्यांना 2015 मध्ये आग्र्यात पाचही उड्या माराव्या लागल्या. नियमाला अपवाद नाही, आणि तो नसावाच.

या शिक्षणाचा कस लागला तो 1971 च्या युद्धात. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, 2 पॅरा, ही मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण असल्यामुळे आजही तिच्या नावापुढे ‘मराठा’ हा शब्द लागतो. 11 डिसेंबरला लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली ही पलटण पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ उतरली. मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडण्यासाठी पुंगलीचा पूल ताब्यात घेणे, हे तिचे काम होते. सैनिक बऱ्याच मोठ्या परिसरात विखुरले गेले, तरी गोळा होऊन त्यांनी पूल घेतला आणि शत्रूचे प्रतिहल्ले परतवून तो राखला. 16 डिसेंबरच्या सकाळी ढाक्यात सर्वप्रथम शिरलेल्या भारतीय सैन्यात हीच पलटण होती.