आकड्यांची अक्षरं



टेंभुर्णीच्या स्टँडवर थोडा वेळ उभं राहिलं तरी एखादी ‘दादा’ची गाडी दिसतेच. नंबर 4141. चाराला जरा वळण दिलं की द होतो आणि एकाचा काना. 8055चा असाच ‘बॉस’ होतो. पाटीवर आकडे असे वळवणं नियमात बसत नाही, तरी आवडीच्या नंबरासाठी लोक आरटीओत जादा पैसे भरतात.

अमेरिकेतल्या संगणकवेड्या पोरांनी हाच खेळ 1980च्या दशकात मांडला. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडून निरोपांचे फलक चालत. तिथल्या खास दालनात ज्याला प्रवेश, तो ‘एलीट’. त्याचं झालं ‘लीट’ आणि लिहिताना 1337. एलच्या जागी 1, ईच्या जागी 3, टीच्या जागी 7. चालकानं एखाद्या शब्दावर बंदी घातली, तर असा लिहिलेला शब्द यंत्राच्या चाळणीतून निसटायचा.

लपवून लिहिण्यात आपला मराठवाडा मात्र फार जुना. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. त्यांच्याकडे अंकलिपीही होती. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह येतं. वाचायची किल्ली गुरूकडून शिष्याकडेच जायची. त्यामुळे कित्येक शतकं बाहेरच्याला पोथीतलं अक्षर लागलं नाही. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठं हे साहित्य अभ्यासकांसमोर आलं. आपल्या भोकरदन तालुक्यातल्या, महानुभावांच्या जाळीच्या देवाला जाणाऱ्या तरुणांनी ही गोष्ट अभिमानानं सांगावी.

लीटची किल्ली मात्र सगळ्या जगाकडे आहे, आणि माझी काळजी इथंच आहे. आपली मुलं मोबाइलच्या पासवर्डसाठी ‘शिवाजी’ इंग्रजीत लिहितात, एसचा 5 करतात, एचा 4, आयचा 1, आणि कुलूप लागलं असं समजतात. पासवर्ड फोडणारे प्रोग्राम हे बदल आधीच करून बघतात. अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिसळण्याची सक्ती करू नका, लांबीवर भर द्या, असं अमेरिकेच्या मानक संस्थेनंही 2017 साली सांगितलं.

म्हणून बँकेच्या खात्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द जोडून लांब पासवर्ड करा. तो दुसऱ्या कुठल्याही खात्याला वापरू नका. आणि आलेला ओटीपी कुणालाही, अगदी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही, सांगू नका.