‘डी’ आणि ‘डीएल’

1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून पिंपरीला औषधाची ओळख आहे. तरी ई जीवनसत्त्वाची गोळी घेताना आपण डबीची पुढचीच बाजू बघतो. ‘नॅचरल’ हा शब्द तिथे मोठ्या अक्षरांत असतो. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत.

तिथे ‘डी-अल्फा टोकोफेरॉल’ असेल तर ते नैसर्गिक, बहुधा सोयाबीन तेलातून काढलेलं. ‘डीएल’ असेल तर कृत्रिम. एका ‘एल’चा फरक, पण शरीराला कृत्रिम रूपाचा उपयोग जवळपास निम्माच होतो. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक आणि मुदतही पाहा.

मात्रेचं काय? प्रौढाला दिवसाला साधारण 15 मिलिग्रॅम पुरतं, अन् दुकानात सर्रास मिळते 400ची कॅप्सूल! रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नका.

आणि चाकणच्या पहिल्या पाळीला निघताना डब्यात शेंगदाण्याची चटणी असतेच ना? शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत हे जीवनसत्त्व सुमारे 8 मिलिग्रॅम असतं. सूर्यफुलाच्या बियांत तर त्याच्या चौपट.