वही, पॅन आणि बाईची कमाई
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेले भाषण)



आयकर हा विषय ऐकून काहीजणींनी नाक मुरडले. "तो शेठ लोकांचा प्रश्न, आपला काय संबंध?" म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगते.

आपल्यातली एकजण आयटीआयमधून वायरिंग शिकली. आसनगावच्या नव्या इमारतींत, मुरबाडच्या एमआयडीसीत ती फिटिंगची कामे घेते. शिडीवर ती चढते, भिंतीत खाचा ती मारते, पण बिल निघते नवऱ्याच्या नावाने. कारण पॅन कार्ड त्याचे आहे. एका कारखान्याने ८०,००० रुपयांच्या बिलातून १ टक्का, म्हणजे ८०० रुपये कर कापला. तो नवऱ्याच्या खात्यावर जमा झाला. ८०० रुपयांचे सोडा, सरकारी कागदावर ८०,००० ची कमाईच त्याची झाली! पुढे ती कर्जाला गेली तेव्हा बँकेने विचारले, "बाई, तुमचे उत्पन्न कुठे आहे?" दाखवायला कागद नव्हता.

घरातल्या, शेतातल्या कामाची मोजदाद होत नाही म्हणून आपण इतकी वर्षे भांडतो आहोत. इथे तर पैसे मिळालेल्या कामाचीही नोंद दुसऱ्याच्या नावे होते.

म्हणून पहिली गोष्ट, पॅन स्वतःचे काढा आणि आधारशी जोडा. ठेक्याच्या कामात पॅन दिले नाही तर १ ऐवजी २० टक्के कापतात. म्हणजे ८०,००० मागे १६,०००. आणि कापलेला पैसा परत हवा तर विवरणपत्र भरावेच लागते. ते भरले म्हणजे कर बसतोच असे नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कररचनेत धंद्याचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य होतो.

दुसरी गोष्ट खर्चाची. छोट्या धंद्याला सोपा मार्ग आहे. रोख जमेच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के उत्पन्न धरायचे. मग खर्चाचा वेगळा हिशेब कोणी मागत नाही. पण इथे एक खोच आहे. समजा वर्षाची रोख जमा ३,६०,००० झाली. वायर, पाईप, स्विच यांना १,७०,००० गेले, मदतनिसाची मजुरी आणि जीपभाडे ३०,०००. हातात राहिले १,६०,०००. एजंट ८ टक्के धरून २८,८०० लिहून मोकळा होतो. बँक तेच वाचते आणि म्हणते, वर्षाला २८,८०० कमावणारी बाई हप्ता कसा फेडणार? ८ टक्के ही किमान मर्यादा आहे. खरी कमाई जास्त असेल तर तीच लिहायची.

त्याहून कमी उरले असेल तर मात्र रीतसर हिशेबवह्या लागतात. तिथे माल, मजुरी, प्रवास, धंद्यापुरता फोन हे खर्च धरता येतात. ड्रिल मशीनचा घसारा दरवर्षी थोडा थोडा धरतात. घरचा किराणा धरता येत नाही. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च मान्य होत नाही. म्हणून दुकानदाराकडून पक्के बिल घ्या आणि रोज संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहा.

तिसरी गोष्ट. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करायची असते. त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. तो मोबाईल कोणाच्या खिशात आहे? परतावा येतो ते खाते कोणाचे आहे? ज्यांच्या घरात हे दोन्ही नवऱ्याकडे आहे त्यांनी हात वर करा. बघा, किती हात आहेत!

हेच कागद उलट बाजूनेही उपयोगी पडतात. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. त्यात आयकर विवरणपत्रेही मागितली जातात. "मला काही मिळतच नाही" म्हणणाऱ्या नवऱ्याला तिथे उत्तर द्यावे लागते. पण तुमची कमाई त्याच्या नावावर चढली असेल, तर तुमच्या घामाचा हिशेब न्यायालयापुढेही त्याचाच म्हणून येईल.

पुढच्या बैठकीला येताना तीन वस्तू आणा: पॅन, स्वतःच्या खात्याचे पासबुक आणि एक वही. ज्यांच्याकडे पॅन नाही त्यांचे अर्ज त्याच दिवशी बसून भरू.